राजवाडा बंद करणाऱ्या जुबेदाभाभी

जुबेदाभाभींची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांच्याशी भांडायला गेलो म्हणून. भोरला एसटी स्टँडच्या मागे माझं लॉज आहे. पुण्याचं एक जोडपं उतरलं होतं. संध्याकाळी कुणाच्या तरी ओळखीने राजवाडा बघायला म्हणून गेलं आणि परत आलं ते कोपरापर्यंत धुळीने माखून. बाईंच्या ओढणीला कोळिष्टकं लागलेली. काय झालं विचारलं तर म्हणाले, तिथल्या भाभींनी आमच्याकडून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. माझं डोकं तडकलं. गिऱ्हाईक मी आणायचं, मी जपायचं, आणि राबवून घ्यायचं हिने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तरातरा वर गेलो. सज्जात एक ठेंगणी बाई पदर खोचून खिडकीशी झटत होती. मी तोंड उघडणार एवढ्यात मान न वळवता म्हणाली, "तेवढी फळी दाबून धरा भाऊ. खिटी बसू द्या, मग भांडू." मी फळी धरली. खिटी बसली. मग शेजारची खिडकी आली, मग तिच्या शेजारची. भांडण राहिलं ते राहिलंच.

भोरचा राजवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमात दिसणारा मोठा राजवाडा येतो. मी म्हणतोय तो तो नव्हे. हा नदीच्या अंगाला टेकाडावर आहे, लहान आहे, आणि गावाबाहेरच्या फारशा कुणाला ठाऊक नाही. मालक मंडळी बाहेरगावी असतात, त्यांचा एक कारभारी सगळं बघतो. दिवसा तिकीट काढून कुणीही यावं. दिंडी दरवाजा बंद झाल्यावर मात्र फक्त ओळखीने येणाऱ्या चार-सहा माणसांना आत घेत, आणि त्यांना राजवाडा दाखवायच्या जुबेदाभाभी. दाखवायच्या म्हणजे काय, तर त्यांची रोजची बंद करायची फेरी असे, त्या फेरीत पाहुण्यांना सामील करून घेत. खिडक्या उघड्या राहिल्या तर पारवे आत घुसतात, वटवाघळं झुंबराला लटकतात, आणि पावसाळ्यात सह्याद्रीकडून झोडपणारा पाऊस थेट दिवाणखान्यातल्या गालिच्यावर येतो. तेव्हा रोज सगळं लावायचं आणि रोज सकाळी उघडायचं. भाभी म्हणायच्या, "उघडा वाडा समदेच बघत्यात. लावताना बघा, मग कळतंय केवढा हाय त्यो."

आणि ते खरं होतं. एरवी माणूस राजवाड्यात शिरतो, मान वर करतो, छताचे फोटो काढतो आणि बाहेर पडतो. भाभींच्या हाताखाली त्याला प्रत्येक खिडकीपाशी थांबावं लागे. कुठली फळी उन्हाने वाकली आहे, कुठली कडी जराशी उचलून ओढावी लागते, कुठल्या गजातून नदी दिसते आणि कुठल्यातून नुसती चिंच, हे आपोआप कळे. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या एकट्याने सहजी लागत नसत. एकाने अंग टाकून फळी रेटायची आणि दुसऱ्याने खिटी सरकवायची. एकदा माझ्याकडे उतरलेलं एक जोडपं आल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हतं. जेवणसुद्धा दोन टोकांना बसून केलं होतं. भाभींनी त्या दोघांना नेमकं वरच्या सज्जात धाडलं. बराच वेळ वरून काही ऐकू येईना, मग नवऱ्याचा आवाज आला, "अगं, अजून जरा रेट." खाली आले तेव्हा दोघं बोलत होती, म्हणजे भांडत होती, पण बोलत होती. भाभींना मी नंतर म्हटलं, तुम्ही हे मुद्दाम केलंत. त्या म्हणाल्या, मला फक्त खिडक्या लावून हव्या होत्या.

खोली लावण्याआधी उंबऱ्यात उभं राहून त्या आत हाक मारायच्या, "कोन हाय का आत?" हाक मारून थांबायच्या. नुसतं तोंडदेखलं नाही, चांगलं कान देऊन थांबायच्या. त्या शांततेत पाहुण्यांच्या अंगावर काटा येई. कुणीतरी हळूच विचारेच, इथे काही आहे का हो? तेव्हा त्या उस्मानभाईंची गोष्ट सांगत. उस्मानभाई म्हणजे त्यांचे यजमान. आधी हे काम त्यांच्याकडे होतं. एकदा शूटिंग चालू असताना मावळ्याच्या वेशातला एक माणूस मागच्या खोलीत गारव्याला जाऊन झोपला, आणि उस्मानभाई बाहेरून अडसर घालून घरी गेले. सकाळी दार उघडलं तर हा गडी हातात भाला घेऊन, मिशा अर्ध्या निघालेल्या, भिंतीला टेकून रडतोय. त्या दिवसापासून हाक मारायची रीत पडली. भाभी म्हणायच्या, "हाक मारली की थांबायचं. न थांबता मारली तर ते निस्तं वरडनं झालं." ही गोष्ट ऐकून पाहुणे हसत, पण ज्यांना भूत हवं असे ते जरा हिरमुसत.

आणि इथेच माझं आणि भाभींचं जमायचं नाही. मी धंदेवाईक माणूस. पाहुण्याला चार गोष्टी रंगवून सांगितल्या की तो खूश होतो, परत येतो, दहा जणांना सांगतो. भाभींना रंगवणं हा प्रकारच ठाऊक नव्हता. कुणी विचारलं की राणीसाहेब कुठल्या खोलीत निजायच्या, की यांचं उत्तर तयार, "मला ठाऊक न्हाई. मी तवा न्हवते." तलवारी कुठे ठेवायचे? ठाऊक न्हाई. या आरशात कोण कोण बघून गेलं? "मी बघते रोज. बाकीचं ठाऊक न्हाई." आपण बघितलेलं मात्र मन लावून सांगत. हे छत कसं गळलं, तो खांब बदलताना सुताराने तोंडाने कशी शीळ घालत काम केलं, झुंबर धुवायला उतरवलं तेव्हा त्याच्या लोलकांनी साऱ्या भिंतीवर कसे रंग पाडले. मला हे सगळं फार किरकोळ वाटे. त्या आरशावर मी लॉजमध्ये बसल्या बसल्या तीन गोष्टी रचल्या होत्या, आणि एकाहून एक सरस होत्या, पण भाभी त्या घ्यायलाच तयार नव्हत्या.

उस्मानभाई गेल्यावर हे काम भाभींनी मागून घेतलं होतं. मुलगा चांगला आहे, टेम्पो चालवतो, सून जरा तिखट पण कामाची. घरात काही कमी नव्हतं. मग या वयात हे जिने चढायचं कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. दिवेलागणीला राजवाडा बंद करून उस्मानभाई घरी यायचे. ते गेल्यावर त्या वेळेला घरात बसवेना. गल्लीत पाऊल वाजलं की जीव दाराकडे धावायचा. "ती येळ माझ्या अंगावर यायाची भाऊ. आता त्या येळंला मी त्यांच्याच खिडक्या लावीत असते. घरी जाते तवा अंधार पडून गेलेला असतोय, मग काय वाटत न्हाई." हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, भाजीचा भाव सांगावा तसं.  त्या फेरीत त्यांचा जीव किती गुंतला आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याने मी अस्वस्थ झालो.

झालं असं की पुण्याच्या एका सहल कंपनीची नजर या संध्याकाळच्या फेरीवर पडली. मोठ्या शहरातले लोक हल्ली गर्दी गेल्यावरचा राजवाडा बघायला हौसेने येतात. कंपनीने कारभाऱ्यांना सांगितलं की आम्ही दर शनिवार-रविवारी माणसं आणू, फक्त दाखवणारा माणूस बोलका हवा आणि भुयाराची गोष्ट हवी. आता भुयाराचं आमच्याकडे काय विचारता. भोर-वेल्ह्यातल्या प्रत्येक जुन्या वाड्यातून राजगडापर्यंत भुयार जातं, आणि गडाच्या पायथ्याला पाल गावात गेलात तर तिथले लोक त्याचं दुसरं तोंड दाखवायला तयार. जेवढी भुयारं सांगतात तेवढी खरी असती तर दोन्ही तालुके केव्हाच खाली खचले असते. आमच्या राजवाड्यात जिन्याखालच्या खोलीत एक तोंड होतं खरं, पण ते धान्याचं पेव. भाभी स्वतः शिडी लावून आत उतरल्या होत्या. म्हणत, "तळ हाय त्याला. पाय टेकवून आलेय म्या."

कारभारी वाईट माणूस नव्हता. त्याने भाभींना नीट सांगितलं. कंपनीची माणसं एका संध्याकाळी येऊन बघणार आहेत. तुम्ही भुयाराची गोष्ट तेवढी सांगा, काम तुमच्याकडेच राहील. नाहीतर ते आपला माणूस आणतील, आणि मग रोजची फेरीही त्याच्याकडेच जाईल. मला हे कळताच मी भाभींच्या मागे लागलो. यात माझाही फायदा होता, तो लपवत नाही, माझ्या खोल्या दर आठवड्याला भरणार होत्या. पण खरं सांगतो, त्यांच्या हातून ती वेळ जाऊ नये असं मला फार वाटत होतं. मी त्यांना गोष्ट लिहून द्यायला निघालो तर म्हणाल्या, मला वाचता कुठं येतंय, तोंडी सांगा. मग मी रंगवून सांगितली. शत्रूचा वेढा, धाकटी राणी, कडेवर बाळ, हातात पलिता, आणि भुयारातून राजगड. त्यांनी लक्ष देऊन ऐकली. सांगाल ना म्हटलं, तर म्हणाल्या, "सांगते की. तुमी एवढं म्हनताय तर सांगते."

त्या संध्याकाळी मीही गेलो. कंपनीचे मालक, त्यांच्या बरोबर चार-पाच पाहुणे, आणि कारभारी. भाभी धुतलेलं पातळ नेसून आल्या होत्या. भिंतीतल्या जिन्याने खाली जाताना मिट्ट काळोख असतो. तिथे त्यांची नेहमीची पद्धत अशी की पहिल्या माणसाचा हात त्या स्वतः धरत, त्याने मागच्याचा धरायचा, आणि अशी सगळी माळ खाली उतरे. तसेच आम्ही उतरलो. पेवाच्या तोंडाशी आल्यावर सगळे गोल उभे राहिले. मालकांनी विचारलं, हेच का ते? भाभींनी माझ्याकडे एकदा बघितलं, पदर सारखा केला, आणि शाळेतल्या पोरीसारखं हात जोडून सुरुवात केली.

"हितनं भुयार राजगडाला जातंय, असं ह्या लॉजवाल्या भाऊंनी मला सांगायला सांगितलंय. धाकट्या रानीसाहेब लेकरू घिऊन ह्यातनं पळाल्या, असं बी भाऊंनी सांगितलंय. गोष्ट चांगली हाय. आत मी उतरले होते तवा मला तळ लागला."

शत्रूचा वेढा आणि पलिता त्यांच्या ध्यानातून गेला होता. पाहुणे पोट धरधरून हसले. मालकसुद्धा हसले. मला मात्र त्या पेवात उतरून वरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं. गंमत म्हणजे त्यांनी शब्द पाळला होता. गोष्ट सांगते म्हणाल्या होत्या, सांगितली. ती कुणाची, हे सांगू नका असं मीच म्हटलं नव्हतं, कारण असंही सांगावं लागतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

हसून झालं आणि व्हायचं तेच झालं. बाई गोड आहेत, पण आमच्या उपयोगाच्या नाहीत, असं मालक जाताना कारभाऱ्याला म्हणाले. परतीच्या वाटेवर मी भाभींवर भयंकर चिडलो. दोन वाक्यं गिळली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? सगळं जग खोटं बोलतं, तुम्ही कोण मोठ्या लागून गेलात?  नदीच्या उताराला लागल्यावर त्या थांबल्या.

"भाऊ, मला खोटं बोलायचं वावडं न्हाई. सुनंशी रोज बोलते. पन ती मानसं अंधारात माझा हात धरून खाली येत्यात. मी म्हनंन तितं पाय टाकत्यात. त्यांना कसं फसवू?"

 माझा राग गेला नव्हता, पण तो कुणावर धरावा ते कळेना. त्यांना काय गमवावं लागणार हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, आणि तरी त्या तशा बोलल्या होत्या. एवढा ताठ कणा मी फार थोड्या माणसांत बघितला आहे.

कंपनीने केदार नावाचा नाटकात काम करणारा माणूस आणला. फेटा, अंगरखा, हातात मशालीसारखा दिवा. आवाज असा की खालच्या चौकात कुजबुजला तरी सज्जात ऐकू यावं. मला वाटलं, भाभी आता तिकडे फिरकणार नाहीत. पण पहिल्याच शनिवारी त्या हजर. पाऊस तोंडावर आला होता आणि केदारला खिडक्या लावता येत नव्हत्या. त्याच्या मागे मागे फिरून त्यांनी त्याला एकेक खिडकी शिकवली. कडी उचलून कशी ओढायची, फुगलेल्या फळीला कुठे रेटायचं, हाक कशी मारायची आणि मग किती थांबायचं. जिचं काम काढून घेतलं तीच शिकवते आहे म्हटल्यावर तो बिचारा आधी ओशाळला, मग तिला मावशी म्हणू लागला. भाभींनी त्याच्याबद्दल वावगा शब्द काढला नाही. पोरगं हुशार आहे, फक्त बोलताना दाराकडे बघत नाही, एवढंच म्हणाल्या. त्याला सगळं जमल्याची खात्री पटली तशी त्यांनी जायचं थांबवलं.

दिवेलागणीची ती वेळ मग परत आली. मी काय करणार, माझ्या गल्ल्याशेजारी एक खुर्ची टाकली आणि म्हटलं, संध्याकाळी इथे येऊन बसत चला, मला हिशोबाला सोबत होईल. त्यांना सोबत कुणाला होणार हे कळत नव्हतं असं नाही. पण येत गेल्या. बसून कोथिंबीर निवडायच्या, माझ्या पोऱ्यांना ओरडायच्या, पाहुण्याने भुयाराचं विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायच्या. कधी कधी बोलता बोलता थांबून टेकाडाकडे बघत बसायच्या.  दोन वर्षं असं चाललं. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत भाभी गेल्या. जनाज्याला अर्धं भोर होतं. केदार त्या दिवशी पुण्यात होता, तिथून पावसात मोटारसायकल हाणत आला आणि त्यानेही खांदा दिला.

हे सगळं सांगायचं कारण यंदाच्या दिवाळीत घडलं. माझी मेहुणी शिवऱ्याहून नणंदेला घेऊन आली होती. दोघींना राजवाडा बघायचा होता म्हणून संध्याकाळच्या फेरीला मीही गेलो. केदार आता मुरला होता. आरसा झाला, पेव झालं, वरच्या सज्जात आलो, आणि त्याने दिवा खाली घेऊन आवाज बारीक केला. म्हणाला, या वेळी इथे एक बाई फिरते. पांढरं पातळ, ठेंगणी. आयुष्यभर तिने या खिडक्या लावल्या, आणि मेल्यावरही तिला चैन नाही. खिडकी लावताना कधी आपोआप जोर लागतो, समजा की तिचा हात आहे. लोक एकमेकांना चिकटले. मेहुणीची नणंद तर भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि जिना उतरायची वेळ आली तेव्हा पुढे यायलाच तयार होईना. 

केदारच्या मनात वाईट नव्हतं. त्याला वाटलं, मावशीला त्याने राजवाड्यात कायमची जागा दिली.  पण ज्या बाईच्या हाताच्या भरवशावर शेकडो माणसं तो जिना उतरली, तिच्याच नावाने आज माणूस त्या जिन्याला भीत होतं. मी पुढे झालो आणि सगळ्यांदेखत म्हटलं की हे खोटं आहे. ती बाई माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायची. तिचं नाव जुबेदा. तापाने गेली, मी स्वतः तिला माती दिली आहे, आणि ती कुठेही फिरत नाही. केदारचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन तो कळवळून म्हणाला, "काका, या गोष्टीवर तर माणसं येतात. ही काढली तर निम्मी येणार नाहीत."

"न येईनात," मी म्हटलं.

आणि मग मेहुणीच्या नणंदेचा हात धरून मी जिना उतरलो, त्या सगळ्यांना, केदारला फेट्यासकट, टेकाडावरून खाली आणलं आणि थेट भाभींच्या गल्लीत नेलं. सून दारात भांडी घासत होती. एवढा लोंढा बघून हातातली कढई तशीच धरून उभी राहिली. काय झालं भाऊ, म्हणाली. मी म्हटलं, ही मंडळी तुझ्या सासूबाई कशा होत्या ते ऐकायला आली आहेत. तिने आमच्याकडे एकवार बघितलं, कढई पालथी घातली आणि हात पुसत सतरंजी आणायला वळली.

"बसा की मग," ती म्हणाली. "लई कटकट्या होत्या."